दगडाच्या पिठाची वर्गखोली

पहिली-दुसरीची माझी मुलं सकाळी काळ्या केसांची यायची आणि दुपारी पिकल्या केसांची होऊन घरी जायची. हे मी गंमत म्हणून सांगत नाही. संगमनेरपासून सायकलीच्या अंतरावर आमचं गाव आणि गावाच्या डोक्यावर काळ्या दगडाची टेकडी. नाशिक-पुणे रस्ता रुंद करायचं काम निघालं तेव्हा एका कंत्राटदाराने त्या टेकडीत खाण उघडली आणि पायथ्याला खडीचं क्रशर बसवलं. वरून दगड पडायचा, खालून खडी निघायची. खडी ट्रकात बसून रस्त्यावर जायची. मागे राहायची ती बारीक कच आणि गव्हाच्या पिठासारखी भुकटी. ती कुणालाच नको होती, म्हणून ती आमच्या वाट्याला आली.

माझा वर्ग मारुतीच्या देवळापुढच्या मंडपात भरायचा. वर पत्रे आणि तीन बाजू मोकळ्या. तिसरी-चौथीला हेडमास्तर शिकवत आणि त्यांना चावडीची खोली होती. तिला दार होतं, कडी होती. मला खांब होते. वारा सुटला की टेकडीखालचा ढीग उठून मंडपात यायचा. पाटीवर अक्षर काढावं तर पेन्सिलीच्या आधी भुकटीच येऊन बसलेली. एकजण फुंकर मारायचा, ती दुसऱ्याच्या डोळ्यांत जायची, मग रडारड. क्रशर चालू असलं की पाढे ऐकूच यायचे नाहीत. मुलांचे नुसते ओठ हलायचे आणि कोण काय म्हणतंय ते एका मारुतीला ठाऊक. हिवाळ्यात निम्मा वर्ग खोकत असायचा. मी कंत्राटदाराला जाऊन भेटले. त्याने अदबीने हात जोडले, चहा मागवला आणि वाऱ्याला मी काय करणार बाई, असं म्हणाला. चहा चांगला होता. मला राग आला की चहाची चव जास्त लक्षात राहते.

त्यातच शाळेच्या बांधकामाला मंजुरी आली. पण भट्टीच्या विटांनी बांधायचं म्हटलं तर मंजूर रकमेत एकच खोली होणार होती आणि ती अर्थातच तिसरी-चौथीला, कारण हेडमास्तर त्यांचे आणि चावडी गावाला परत हवी होती. दुसरी खोली हवी असेल तर विटा गावाने पुरवाव्यात, म्हणजे उरलेल्या पैशांत छप्पर आणि दार होईल, असं वरून सांगण्यात आलं. थोडक्यात, माझ्या मुलांना चार भिंती मिळायच्या तर गावाला विटा काढायला हव्या होत्या. जत्रेच्या वर्गणीवरून ज्या गावात दोन आळ्या एकमेकींशी बोलत नाहीत, ते गाव पोरांसाठी विटा देणार! मी तर आशा सोडली होती. आमच्या ह्यांनी सोडली नाही, आणि तिथून माझ्या डोक्याचा खरा ताप सुरू झाला.

आमचे हे संगमनेरला एका कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत डेमॉन्स्ट्रेटर होते. रोज सायकलीने जात-येत. स्वभावाने अबोल, पण एखादी गोष्ट डोक्यात शिरली की ती बाहेर काढायला देव आला तरी हात टेकेल. एका रविवारी मुलांच्या खोकल्याबद्दल मी नेहमीची कटकट करत होते. हे उठले, सायकलीला पिशवी अडकवून गेले आणि तासाभराने ती भरून घेऊन आले. पिशवीत दगडाची भुकटी होती. मी म्हटलं, ती शाळेत फुकट घरपोच मिळते, आणायला कशाला जायला हवं? हे माझी पीठ चाळायची चाळणी घेऊन परसात बसले.

पुढचं वर्षभर आमच्या घरात पिठाच्या डब्यापेक्षा भुकटीचे डबे जास्त होते. चुनखडीचे खडे भाजून केलेला चुना, भट्टीवरच्या फुटक्या विटांची पूड आणि क्रशरची कच यांचं मिश्रण करून हे लाकडी साच्यात धुम्मसाने ठोकायचे. कुठल्या प्रमाणात काय घातलं की काय होतं, हे जेवताना सांगायचे. बाकी एरवी मुके. माझी चाळणी गेली, दोन पातेली गेली, लग्नातली परात चुन्याने पांढरी पडली. कितीदा तरी विटा साच्यातून निघतानाच ढासळल्या. मी चिडवायचे की, तुम्ही वडे तळताय का विटा करताय ते एकदा ठरवा.

पण खरं सांगायचं तर एक दिवस विटा जमल्या. त्याला वेळ लागला. चुन्याची वीट सावकाश मुरते, चांगले तीन-चार महिने घेते. मुरली की मात्र मुरली. ह्यांनी त्या विटांचा परसात धुण्याचा कट्टा बांधला आणि मी त्याच्यावर सोलापुरी चादरी आपटून आपटून धुतल्या. कट्ट्याचा एक कोपराही उडाला नाही. ज्या भुकटीने माझ्या मुलांचे डोळे चुरचुरायचे, तिच्यावर मी साबण लावत होते. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की ही भुकटीच आपल्या वर्गाची भिंत होईल. एकदा वाटलं ते वाटलं. मग माझ्याही डोक्यात ते ह्यांच्याइतकंच घट्ट बसलं आणि आम्ही दोघंही वेडे झालो.

मी गावच्या सभेत उभी राहिले. बाईमाणसाने सभेत बोलायची पद्धत नव्हती, पण पोरांची बाई म्हणून चालून गेलं. कच फुकट, चुना भाजायला गावचीच चुनखडी, मेहनत सगळ्यांनी वाटून घ्यायची. कंत्राटदारही खूश, त्याचा उकिरडा परस्पर हलत होता. सरपंचांनी होकार दिला आणि गावच्या म्हाताऱ्या गवंड्याला साचे सांभाळायला दिले. ह्या गवंडीबाबांनी गावातले दोन पार, एक बारव आणि निम्म्या गावाच्या चुली बांधल्या होत्या. पोरं त्यांना टरकून असत आणि ओळंबा त्यांच्या खिशातून कधी बाहेर यायचा नाही, कारण त्यांचा डोळाच पुरेसा आहे असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांनी बांधलेली आमची मागची भिंत थोडी वाकडी आहे, पण ते आपण सोडून देऊ.

नमुना बघायला बांधकाम खात्याचे ओव्हरसियर आले. कट्टा बघितला, बुटाने ठोकून बघितला आणि मान हलवली. नुसत्या चुन्याच्या विटा सरकारी कामात चालणार नाहीत, सिमेंट घाला, म्हणाले. ह्यांनी त्यांना चुन्याचं सगळं रसायन समजावून सांगायला सुरुवात केली. मी बाजूला उभी राहून ओव्हरसियरांचा चेहरा बघत होते. ते चिडले नाहीत, फक्त जांभई दाबली. सिमेंटच्या विटा महिन्याभरात तयार होतील, मग मी तपासतो, एवढं बोलून ते जीपमध्ये बसले.

सिमेंट तेव्हा परमिटवर मिळायचं. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. अर्ज कुणाकडे द्यायचा हेच ठरेना. तहसीलमधून हे खात्याकडे, खात्यातून परत तहसीलकडे. रजा काढून काढून ह्यांची कॉलेजात बोलणी खाऊन झाली. उन्हाळा गेला आणि पाऊस यायचा तो आलाच नाही. ते बहात्तर साल होतं. आधीच्या वर्षीही आभाळाने हात आखडता घेतला होता, त्या वर्षी मूठच मिटली. बाजरी वीतभर वाढून वाळली. घोडेगावच्या बाजारात जनावरं मातीमोल निघाली, असं गावात येऊन लोक सांगायचे. आणि अशा दिवसांत आमचं सिमेंट आलं.

आता विटांना पाणी कुठलं मारायचं? प्यायच्या पाण्याला बायांच्या रांगा लागत होत्या आणि आम्ही म्हणणार, विटा भिजवायला पाणी द्या! मला बोलायची लाज वाटली. शेवटी खाणीने तारलं. खाणीच्या तळाला एका कोपऱ्यात झऱ्याचं हिरवट पाणी साठायचं. त्याला असा वास यायचा की जनावरंही तोंड लावत नसत. ते वापरायला कुणाची हरकत नव्हती. म्हणून विटा खाणीतच, त्या डबक्याच्या बाजूला कड्याच्या सावलीत पाडायच्या ठरल्या. गवंडीबाबा आणि चार-पाच बाप्ये कामाला लागले. हे कॉलेजातून आले की अंधार पडेपर्यंत तिथेच. शनिवारी शाळा सकाळची असायची, ती सुटली की मीही पदर खोचून साच्याला तेल लावायला जायचे. विटा साच्यातून निघायच्या तेव्हा ओल्या, गर्द राखाडी आणि कोपरे सुरेख दिसायचे. मला त्यांच्याकडे बघून आनंद व्हायचा. मी मनातल्या मनात फळा कुठल्या भिंतीवर लावायचा तेही ठरवून टाकलं होतं.

पण विटा घट्ट होईनात.

पहिले दोन दिवस हे म्हणाले, थंडी आहे. मग म्हणाले, खाणीच्या पाण्यात काहीतरी असेल, आणि बाटलीत पाणी भरून कॉलेजात नेलं. पाण्यात काही निघालं नाही. मग म्हणाले, सिमेंट जुनं असेल, आणि दुसरं पोतं फोडून परसात वाटीभर कालवलं. ते दुसऱ्या दिवशी दगड झालं, वाटीतून निघेना. वाटी माझी होती. खाणीतल्या विटांत मात्र आठवड्यानंतरही बोट रुतायचं. हे जेवेनासे झाले. मी प्रमाण बदलून बघा म्हटलं, तर सगळं समजत असल्यासारखं बोलू नकोस म्हणून माझ्यावर डाफरले. लग्नानंतर पहिल्यांदा डाफरले. मीही कमी नव्हते. तीन दिवस आमच्या घरात फक्त भांडी बोलत होती.

तिसऱ्या दिवशी मी खाणीत गेले तर विटांच्या थरांवर मुंग्यांची रांग लागलेली. काळ्या मुंग्या शिस्तीत एका विटेवरून दुसऱ्या विटेवर चालल्या होत्या. आमच्या वर्गाच्या रांगेपेक्षा त्यांची रांग सरळ होती. घरी येऊन मी सांगितलं, "तुमच्या विटांना मुंग्या लागल्यात."

ह्यांना वाटलं, मी टोमणा मारतेय. वडे आणि विटा यांच्या थट्टेनंतर त्यांना तसं वाटणं साहजिक होतं. ताट सरकवून उठले आणि बाहेर निघून गेले. मलाही संताप आला, मी ते ताट उचलून मोरीत नेऊन ठेवलं. मी खरंच फक्त मुंग्या लागल्यात एवढंच सांगत होते.

ओव्हरसियर ठरल्या दिवशी आले. पुढे ढकला म्हणून ह्यांनी निरोप पाठवला होता, पण त्यांना दुष्काळी कामांवर जायचं होतं आणि हे प्रकरण हातावेगळं करायचं होतं. विटेची परीक्षा गावठीच असते. त्यांनी दोन विटा घेऊन एकमेकींवर आपटल्या. चांगली वीट खणकन वाजते. आमच्या विटांचा 'भद्द' असा आवाज झाला, ओल्या मातीवर पाय पडावा तसा. मग त्यांनी एका विटेवर अंगठ्याचं नख ओढलं, नखाएवढी खाच पडली. मग छातीच्या उंचीवरून वीट सोडली. तिचे चार तुकडे झाले. सगळा गाव बघायला जमला होता. कुणी हसलं नाही, आणि त्यामुळेच मला जास्त लागलं. ओव्हरसियरांनी रुमालाने अंगठा पुसला आणि सगळा माल निकामी म्हणून शेरा दिला. जाताना मला म्हणाले, बाई, हेतू चांगला होता. मला त्यांच्या त्या 'होता'चा अजून राग येतो.

सगळे गेल्यावर हे त्या चार तुकड्यांपाशी उकिडवे बसले. एका तुकड्यावरून मुंगी चालली होती. ह्यांनी तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग तो तुकडा उचलला आणि जिभेला लावला. मला वाटलं, झालं, माझ्या नवऱ्याचं डोकं फिरलं. ह्यांनी तो तुकडा माझ्यापुढे धरला. मी पण चाटून बघितला. जिभेला चुरचुरणारा, तुरट आणि मागून हलकेच गोड.

"गूळ कुणी घातला?" ह्यांनी गवंडीबाबांना विचारलं.

गवंडीबाबा विटांवरची गोणपाटं सारखी करत होते. त्यांना प्रश्नच कळला नाही. "म्या घातला की," ते म्हणाले. "चुन्याला गूळ लागतोच. माज्या बापानं बारव बांदली तवा दोन ढेपा घातल्या हुत्या. ह्या तर पोरांच्या साळंच्या इटा. म्हनलं जरा हात सैल सोडावा."

दुष्काळात बैल विकावा लागला होता, त्याच्यासाठी ठेवलेला काळा गूळ त्यांच्या घरी उरला होता. तो त्यांनी पाण्याच्या पिंपात विरघळवून घातला होता. सिमेंट म्हणजे त्यांच्या लेखी विलायती चुनाच; आमच्याकडच्या कुठल्याही गवंड्याने तेच केलं असतं. चुन्याच्या कामात गुळाचं पाणी घालतात, ते पूर्वीपासून चालत आलंय आणि चुन्याला ते मानवतंही. सिमेंटचं नेमकं उलटं आहे. चिमूटभर साखरही सिमेंटला घट्ट होऊ देत नाही. हे ह्यांना पाठ होतं, परीक्षेत लिहिलेलं होतं. पण गूळ घालू नका असं सांगावं लागेल, हे त्यांच्या स्वप्नातही आलं नाही. आणि गूळ घातलाय हे सांगावं, असं गवंडीबाबांना वाटायचं कारणच नव्हतं. भाजीत मीठ घातलं हे कुणी सांगत बसतं का?

ह्यांनी त्यांना ते समजावलं तेव्हा म्हातारा खाली बसला. हे त्यांच्यावर ओरडले नाहीत. मी ओरडले. काय बोलले ते आता आठवत नाही, पण खाणीत आवाज घुमतो, त्यामुळे मी जे बोलले ते मलाच दोनदा ऐकावं लागलं. म्हातारा दुसऱ्या घालू म्हणाला. कशाच्या घालणार? सिमेंट संपलं होतं. परमिट पुन्हा मिळायला पुन्हा तेवढाच काळ, आणि आता सगळ्या कचेऱ्या दुष्काळाच्या मागे लागलेल्या. ह्यांनी ओव्हरसियरांना गाठून गुळाचा खुलासा केला. ते एवढे हसले की ऑफिसातले लोक आत डोकावले. गूळ विटांत कशाला घालता, त्याचा चहा करा, म्हणाले. हे घरी आले आणि त्यांनी साचे माळ्यावर टाकून दिले.

चावडीशेजारी एक खोली बांधली गेली, भट्टीच्या लाल विटांची. हेडमास्तर तिसरी-चौथीला घेऊन नव्या खोलीत गेले आणि चावडीच्या खोलीत दुष्काळी कामाचं धान्य आलं. मी खांबांमध्येच राहिले. दुसऱ्या खोलीसाठी उरलेला पैसा दुष्काळाकडे वळवल्याचं कळलं. त्यावर बोलायची सोय नव्हती. लोकांच्या घरात खायला नसताना बाई पोरांना भिंती मागतेय, असं कुणीही म्हणालं असतं.

गवंडीबाबा मात्र रोज खाणीत जायचे आणि त्या निकामी विटांवर डबक्यातलं पाणी मारायचे. वीट पाडली की तिला पाणी मारायचं, एवढंच त्यांना ठाऊक. मी एकदा म्हटलं, बाबा, मेलेल्याला औषध कशाला पाजताय? ते म्हणाले, "हात ऱ्हात न्हाई, बाई." पुढे डबकं आटलं तेव्हा ते थांबले.

उन्हाळा आला. कंत्राटदाराने रस्त्याचं काम बंद करून क्रशर उचलून नेलं आणि त्याच खाणीवर दुष्काळी काम सुरू झालं. आता यंत्राचं काम हाताने. ओळीने बसून बायाबापे हातोडीने खडी फोडायचे आणि संध्याकाळी मुकादम ढिगाचं माप घेऊन त्यावर मजुरी ठरवायचा. त्या ओळीत माझ्या वर्गातल्या बहुतेक मुलांच्या आया होत्या. डोक्याला फडकी बांधलेल्या, हातांना फोड आलेल्या. काही म्हाताऱ्या आणि एक-दोन बाळंतिणीही होत्या. त्यांना दगड फुटायचा नाही, ढीग भरायचा नाही. मुकादम काही वाईट माणूस नव्हता. त्याने इकडेतिकडे पाहिलं तर त्याला कड्याखाली रचलेल्या आमच्या विटा दिसल्या. त्या निकामी असल्याचं त्याला कळलंच होतं. दगडापेक्षा वीट मऊ, म्हणाला, आणि त्या विटा अशक्त बायांना फोडायला वाटून दिल्या.

मी मंडपात दुसरीला बाराखडी घेत होते. क्रशर गेल्यापासून मंडपात एवढी शांतता असायची की मलाच चुकल्यासारखं व्हायचं. हातोड्यांची टकटक दूरवरून यायची, तिची सवय झाली होती. त्या सकाळी त्या टकटकीत वेगळाच आवाज मिसळला. खण. खण. पितळी भांडं आपटावं तसा. मी थांबले, मुलंही थांबली. मुलांना तसंच सोडून मी खाणीकडे निघाले, आणि निम्म्या वाटेत मला तो आवाज कसला ते कळलं.

एका म्हातारीच्या पुढ्यात आमची वीट होती आणि तिच्यावर हातोडी उडत होती. मी दुसरी वीट उचलून नख ओढलं. नख तुटलं. दोन विटा एकमेकींवर आपटल्या, तर खाणीभर घुमल्या. मी रडले. सगळ्या बायांसमोर उभी राहून रडले आणि रडताना मला ह्यांचा, ओव्हरसियरांचा, गुळाचा, सगळ्यांचा एकदम राग येत होता.

दुपारी हे आले, त्यांनी वीट हातात फिरवून फिरवून पाहिली. गूळ सिमेंटला मारत नाही, नुसता निजवतो, असं ते म्हणाले. ओल टिकली तर ते उशिरा जागं होतं आणि कधीकधी जास्तच घट्ट होतं. सावली होती, ओल होती, आणि म्हातारा रोज पाणी मारत होता. हे सांगतानाही त्यांचा आवाज अगदी सपाट होता. मग दोन विटा कॅरियरला बांधून ते तसेच संगमनेरला गेले. वरातीमागून घोडं नेतात तसे. ओव्हरसियर दुसऱ्या तालुक्यातल्या कामावर गेले होते. त्यांच्या जागेवरच्या साहेबांनी विटा वाजवून पाहिल्या, छान आहेत म्हणाले. पण शाळेचं काम बंद झालेलं, पैसा वळलेला, आणि माल निकामी असा शेरा पडलेला. आता विटा सोन्याच्या असल्या तरी मला काही करता येणार नाही, असं त्यांनी सांगितलं. विटा परत आणायचंही ह्यांना सुचलं नाही, त्या तिथेच टेबलावर राहिल्या.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी मुकादमाकडे गेले. निदान उरलेल्या विटा ठेवा, म्हटलं. त्याने लेखी हुकूम मागितला. मग हळू आवाजात म्हणाला की, बाई, सडकेला खडी लागते आणि ह्या बायांना काम लागतं, मी काय करू? त्याचंही खोटं नव्हतं. त्या वर्षी कुणाचंच खोटं नव्हतं आणि तरी सगळं चुकत होतं.

मी परत फिरले तेव्हा ओळीच्या शेवटाला बसलेल्या बाईने मला हाक मारली. तिची मुलगी माझ्याकडे पहिलीत होती. हिवाळाभर खोकून खोकून ती खांबाला टेकून झोपी जायची. बाईचं बाळंतपण नुकतंच झालेलं, मूल शेजारी गोधडीवर निजलेलं. तिच्या पुढ्यात एक अख्खी वीट होती, कोपरे तसेच सुरेख आणि वर हातोडीचे नुसते पांढरे ठिपके.

"बाई, ह्यापरीस दगुड बरा हुता," ती म्हणाली. "सकाळपून हातुडी उडतीय. कशाची हाय ही इट?"

मला खोटं बोलता आलं नाही. "तुझ्या पोरीच्या वर्गाची भिंत आहे ती," मी म्हटलं.

तिने खाली मंडपाकडे पाहिलं. तिची मुलगी खांबाशी बसून पाटी पुसत होती. मग तिने वीट उचलून अरुंद बाजूवर उभी केली, एका पायाने दाबून धरली आणि हातोडी उगारली. संध्याकाळी मुकादम ढीग मोजणार होता.